डायपर घालूनच पाठवावे

चिठ्ठी दादानेच आणून दिली. कार्यशाळेतून घरी आला की तो आधी चपला कोपऱ्यात जोडीने लावतो, मग पिशवीतला डबा काढून ओट्यावर ठेवतो, मग हात धुतो. त्या दिवशी चपलांसकट आत आला, शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि आईपुढे धरला. चेहऱ्यावर मोठी कामगिरी फत्ते केल्याचा रुबाब. कुणी कागद सोपवला की त्याला फार बरं वाटतं. विजेचं बिल असो नाहीतर लग्नाची पत्रिका, पोचती करेपर्यंत त्याचा हात खिशावरून हलत नाही. आईला चष्म्याशिवाय दिसेना म्हणून कागद माझ्याकडे आला. ‘यांना उद्यापासून डायपर घालूनच पाठवावे. सहकार्य अपेक्षित आहे.’ खाली सही, शिक्का. दादा माझ्या तोंडाकडे बघत उभा. “काय लिवलंय?” मी म्हटलं, “तू रोज वेळेवर येतोस, असं लिहिलंय.” तो खूश झाला. “येतोच मी वेळेवर,” म्हणाला आणि चपला काढायला परत दारात गेला.

दादा सेहेचाळीस वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासून एक गुणसूत्र जास्त, त्यामुळे समज आणि वाढ हळू. चेहरा पाहिला की लोकांना कळतं, त्यामुळे त्याबद्दल जास्त सांगावं लागत नाही. बाबा गेल्यापासून आई आणि तो आमच्याकडेच असतात.

चिठ्ठीतली मागणी अवाजवी होती असं मी म्हणणार नाही. त्या कार्यशाळेत दादासारखी पंचवीसेक मोठी मुलं (पन्नाशीचा झाला तरी तिथे ‘मुलगा’च असतो) आणि मदतीला दोन मावशी. कुणाची पँट ओली झाली की एक मावशी त्यात अडकते, दुसरीवर बाकी सगळे. मोठ्या माणसाच्या शीचा वास तान्ह्या बाळासारखा नसतो, हे ज्याने धुतलंय त्यालाच ठाऊक. मला खटकत राहिलं ते वेगळंच. पस्तीसेक वर्षं आपला आपण संडासला जाणारा माणूस दोन-तीन महिन्यांत चड्डीत करायला लागला, आणि का, असं त्या कागदावर कुणी विचारलं नव्हतं. उद्या माझ्या नवऱ्याच्या बाबतीत ऑफिसमध्ये असं झालं तर संध्याकाळपर्यंत त्याची सोनोग्राफी होईल, लघवीची तपासणी होईल, साखर बघितली जाईल. दादाच्या बाबतीत कोपऱ्यावरच्या डॉक्टरांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचं एकच उत्तर तयार होतं: “असंच असतं हो यांचं. त्यात आता वय.”

पण असं नव्हतं ना. आमच्या घरात ती गोष्ट घाम गाळून मिळवलेली होती.

आम्ही शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढलो. चौकाच्या मागे ओळीने चार संडास, पत्र्याची दारं, आत चाळीसचा बल्ब आणि बाहेर नळाखाली टमरेलांची रांग. सकाळी सातला तिथे जी गर्दी असायची तिच्यात आई दादाचा हात धरून उभी राहायची. दादा तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. वाड्यातली त्याच्या वयाची पोरं शाळेच्या गणवेशात आणि हा आईच्या पदराला. “अजून?” एवढाच एक शब्द बायका वापरायच्या, तोही हळहळीने, आणि आई “हो ना, अजून,” म्हणून पुढे सरकायची. तिची पद्धत साधी होती. उठल्या उठल्या कपभर चहा आणि एक बटर पोटात, मग घटकाभर इकडेतिकडे, आणि बरोबर त्याच वेळेला संडास. झालं नाही तरी तेवढा वेळ बसायचंच. शी झाली की बाहेर आल्यावर खडीसाखर. पोटात काही पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, जेवणानंतरची वीस-तीस मिनिटं त्यासाठी सगळ्यात चांगली, हे मला खूप नंतर कळलं. आईला कुणी सांगितलं नव्हतं, तिने नुसतं बघून ओळखलं होतं. मात्र खडीसाखर होती तसे धपाटेही होते. लेंग्याची नाडी वेळेत सुटायची नाही, तो गाठीशी झटत राहायचा आणि तेवढ्यात व्हायचं. त्या गाठीपायी त्याने जेवढा मार खाल्ला तेवढा दुसऱ्या कशापायी नाही. पुढे शाळेतल्या विशेष शिक्षिका एकदा घरी आल्या, त्यांनी ते बघितलं आणि म्हणाल्या, “नाडी काढा आणि इलॅस्टिक घाला. शिकवायचं ते शेवटाकडून शिकवा. चड्डी मांडीपर्यंत तुम्ही चढवा, तिथून कमरेपर्यंत त्याला ओढू द्या. काम त्याच्या हातून संपलं पाहिजे.” मग गुडघ्यापासून, मग घोट्यापासून, असं उलटं उलटं जात अकराव्या वर्षी तो एकटा आत जाऊन एकटा बाहेर आला. त्या दिवशी आईने घरात शिरा केला होता. शेजाऱ्यांनी विचारलं कशाचा, तर म्हणाली, “असाच.”

या विषयावर कुणी शास्त्रशुद्ध काम केलंय का, म्हणून मी नंतर वाचायला लागले. 1971 साली अमेरिकेत, इलिनॉयमधल्या एका सरकारी संस्थेत नेथन अझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स या दोघांनी नऊ प्रौढांवर एक पद्धत वापरून बघितली. ही सगळी माणसं वर्षानुवर्षं वॉर्डात ओली बसलेली, ‘यांना शिकवून उपयोग नाही’ या सदरात मोडणारी. त्यांना भरपूर पेयं द्यायची म्हणजे वारंवार लघवीला लागेल, थोड्या थोड्या वेळाने कमोडवर बसवायचं, चड्डीला ओल लागताच वाजणारं यंत्र लावायचं, जमलं की लगेच काहीतरी गोड आणि कौतुक. बहुतेकांचं शिकणं काही दिवसांत उरकलं आणि ओलं होण्याचं प्रमाण जवळपास नव्वद टक्क्यांनी उतरलं. वाचताना मला आईची खडीसाखर आठवली, आणि धपाटेही. कारण त्या पद्धतीतही चूक झाली की शिक्षा होती: ओरडा, आपली घाण आपणच पुसायची, पुन्हा पुन्हा संडासात नेऊन बसवायचं. आज तो भाग सहसा कुणी शिकवत नाही, आणि ते बरंच आहे. पण ‘शिकवून उपयोग नाही’ हे म्हणणं तेव्हा, त्या पन्नास वर्षांपूर्वीच्या वॉर्डात खोटं ठरलं होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तर दादाचं काय झालं होतं? कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी ‘पातळ होतंय’ ऐकून जुलाब थांबवायच्या गोळ्या दिल्या. त्याने दोन दिवस बरं वाटलं, मग आणखी बिघडलं. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी दादाला नमस्कार केला, त्याचं नाव त्यालाच विचारलं, मग म्हणाल्या, “पोटाला हात लावू का?” बेंबीच्या खाली डावीकडे बोटं दाबत त्या थांबल्या, माझा हात धरून तिथे ठेवला. कातडीखाली कणकेच्या लांबट गोळ्यासारखं काहीतरी घट्ट लागत होतं. एक्सरेत तर आतडं शेवटपर्यंत ठासून भरलेलं. त्याला जुलाब झालेच नव्हते. त्याचं पोट साचलं होतं. खडा अडकला की वरची पातळ शी त्याच्या बाजूबाजूने पाझरत खाली येते आणि नकळत चड्डीत उतरते. गुदाशय ताणून ताणून जागेवरची जाणीवच बोथट होते, त्यामुळे ‘आली’ हे माणसाला कळतच नाही. आणि ते भरलेलं आतडं पुढे मूत्राशयावर दाबतं, म्हणून लघवीही सुटते. एका कारणाची दोन तोंडं. त्यावर आम्ही दिलेल्या जुलाब थांबवायच्या गोळ्या म्हणजे दाराला आतून आणखी एक कडी.

बाईंनी पाण्यात विरघळवायची पावडर काही दिवस मोठ्या प्रमाणात दिली. ते दिवस घरात कसे गेले ते लिहीत नाही. बाल्कनीतल्या सगळ्या दोऱ्या भरलेल्या होत्या एवढं पुरे. थायरॉइडची तपासणी केली तर त्यासाठी तो घेत असलेल्या गोळीचा डोस कमी पडत होता. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं नेहमीचंच, आणि तो मंदावला की आतडीही सुस्तावतात. लघवीत जंतू आहेत का, साखर आहे का, तेही बघितलं. मग दादाला बाहेरच्या माशांच्या टाकीपाशी पाठवून त्या मला म्हणाल्या, “एक सांगून ठेवते. एकविसाव्या गुणसूत्रावर अमायलॉइड या मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचं जनुक असतं. यांच्यात ते एक जास्त. त्यामुळे अल्झायमर यांना लवकर गाठू शकतो, चाळिशीत-पन्नाशीतच. संडासची सवय जाणं हे त्याचंही लक्षण असतं. आत्ता तसं वाटत नाही. पण लक्ष ठेवा.” परतताना रिक्षात दादा माशांची नावं ठेवत होता आणि मी ‘लक्ष ठेवा’ म्हणजे नेमकं कशावर, याचा विचार करत होते. पोट साफ झालं आणि तरीही तो ओला राहिला असता तर? तेव्हाही ‘असंच असतं’ हे उत्तर चाललं नसतं, इतकंच मला सुचलं.

औषधाने पोट मोकळं झालं, पण ते भरलं कशाने? त्याचं उत्तर कार्यशाळेत होतं. ती त्या वर्षाच्या सुरुवातीला नव्या इमारतीत गेली होती. जागा छान आहे, टाइल्स, पंखे, लिफ्ट. जुन्या जागेत भारतीय पद्धतीचा संडास होता, इथे सगळे कमोड. मी परवानगी काढून आत जाऊन बघितलं. कमोड उंच, आणि दादाची उंची जेमतेम पावणेपाच फूट. तो बसला की पाय अधांतरी. उकिडवं बसताना गुडघे छातीशी येतात, तेव्हा आतडं सरळ होतं आणि शी सहज उतरते. पाय लोंबकळत असतील तर माणूस तोल सांभाळण्यातच गुंततो, जोर लावणार कुठून. त्यात आत शिरलं की आपोआप लागणारा एक्झॉस्ट पंखा, मोठ्या आवाजाचा. दादाला मिक्सरसुद्धा सहन होत नाही. आणि दाराला गोल फिरवायची कडी. एकदा तो आत अडकला होता म्हणे, कुणी मला कळवलं नव्हतं. म्हणजे हा गृहस्थ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी पाच दाबून धरत होता. पुढे ओलं व्हायला लागल्यावर मावशींनी, चांगल्याच हेतूने, त्याचं पाणी कमी केलं. पाणी कमी म्हणजे शी आणखी घट्ट, लघवी दाट आणि जळजळीत. सगळ्यांनी आपापल्या परीने मदतच केली होती.

पायाखाली काहीतरी हवं म्हणून मी घरातला जुना सागवानी पाट काढला. आई कडाडली. “पाटावर जेवायला बसतात. गौरी बसवतो त्याच्यावर. तो संडासात?” त्यावर माझ्याकडे युक्तिवाद नव्हता. मंडईतून प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल आणलं, निळं, कारण दादाला निळाच हवा होता. एक घरी, एक कार्यशाळेत.

माझी मामेबहीण इंग्लंडात, बर्मिंगहॅमजवळ, अशाच प्रौढांच्या निवासात नोकरी करते. तिला फोनवर सांगितलं तर तिने आधी विचारलं, “चार्ट ठेवता का?” तिकडे 1997 साली ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी शीच्या सात प्रकारांची चित्रं छापली. पहिला प्रकार शेळीच्या लेंड्यांसारखा, सातवा निव्वळ पाणी, मधला तिसरा-चौथा म्हणजे उत्तम. तिच्या निवासात तो तक्ता संडासच्या दारामागे लावलेला असतो आणि प्रत्येकाची रोजची नोंद ड्युटीवरच्या माणसाला करावीच लागते. तिकडेही हे शहाणपण फुकट आलेलं नाही. तिकडे अशी माणसं नुसत्या बद्धकोष्ठाने दगावली आहेत, धडधाकट, चालती-बोलती. चौकश्या झाल्या, तेव्हा यंत्रणा हलली. ‘पोट दुखतंय’ असं ज्याला सांगता येत नाही तो मग भिंतीवर डोकं आपटतो, जेवण ढकलतो, चिडतो, आणि आपण म्हणतो, बिघडलाय. आमच्याकडे तक्ता आला तो स्वयंपाकघरात, कालनिर्णयच्या शेजारी. आईने नवी वही करायला साफ नकार दिला. दुधाचे खाडे जिथे लिहिते त्याच चौकोनात, एकादशी-चतुर्थीच्या खाली, बारीक अक्षरात ‘४’ नाहीतर ‘३’. दोन दिवस चौकोन रिकामा राहिला की तिसऱ्या सकाळी पावडर. पाहुणे विचारतात हे आकडे कसले. आई सांगते, “रतीब.”

आता डायपरबद्दल. वरचं सगळं वाचून कुणाला वाटेल की मी डायपरच्या विरोधात आहे, तर तसं अजिबात नाही. मागच्या वर्षी नाशिकला भाचीच्या लग्नाला निघालो तेव्हा डायपर होता म्हणून दादा आला, नाचला, पंगतीत बसला. वाटेत एका फूड मॉलवर थांबलो. नवरा मागच्या गाडीत होता. पुरुषांच्या बाजूला मी जाऊ शकत नाही, बायकांच्या बाजूला पुरता टक्कल पडलेल्या, मिशीवाल्या दादाला घेऊन गेले तर काय होतं ते मी आधी भोगलेलं आहे. व्हीलचेअरचं चित्र असलेल्या दाराला कुलूप. किल्ली काउंटरवर, काउंटरवरचा मुलगा मॅनेजरला फोन लावतोय, उघडल्यावर आत फरशी पुसायच्या बादल्या आणि मोडक्या खुर्च्या. खुर्च्या बाहेर काढून मी दादाला उभ्यानेच बदललं, एका हाताने त्याला धरून आणि एका हाताने पिशवी, कारण खाली ठेवायला कोरडी जागा नव्हती. इंग्लंडात 2006 पासून ‘चेंजिंग प्लेसेस’ नावाची मोहीम चालू आहे. निदान बारा चौरस मीटरची खोली, मोठ्या माणसाला आडवं करता येईल असा खाली-वर होणारा बाक, उचलायला यंत्र (हॉइस्ट). 2021 पासून तिथे काही प्रकारच्या मोठ्या नव्या सार्वजनिक इमारतींना ती सक्तीची आहे. आपल्याकडे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं त्यात मोजली आहेत, उतारही आता बऱ्याच ठिकाणी दिसतो. उतारावरून आत गेलेल्या सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला बदलायचं कुठे, हा प्रश्न मात्र अजून कुणाला पडलेला दिसत नाही.

शिवाय डायपर कचऱ्यात जातो, आणि कचरा कुणीतरी हाताने उचलतं. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायकांनी 2017 साली लाल ठिपक्याची मोहीम काढली: असा कचरा कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघायची वेळ आमच्यावर येणार नाही. मी लाल स्केचपेन दाराशीच टांगून ठेवलंय. आमच्याकडे येणाऱ्या ताईंनी एकदा विचारलं, “नातू का हो?” मी म्हटलं, “भाऊ.” त्या म्हणाल्या, “माझ्या सासऱ्यांचंबी हाय,” आणि पुडकं हातात घेतलं. सोसायटीत या विषयावर एवढं मोकळं बोलणं माझं दुसऱ्या कुणाशी झालेलं नाही.

कार्यशाळेशी मात्र वाटाघाटी कराव्या लागल्या. मी एक्सरे घेऊन गेले, डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन गेले. पंख्याची तार काढली. दाराला वरून साधी कडी बसली. दहा, बारा, दोन आणि चार वाजता दादाला आठवण करायची, जेवणानंतर स्टुलावर पाय ठेवून दहा मिनिटं बसू द्यायचं, पाण्याची बाटली संपवायची. एवढं ठरायला दोन बैठका लागल्या, आणि दुसऱ्या बैठकीत थोरल्या मावशींनीच सांगितलं की आणखी तिघांची तीच गत आहे, त्यांनाही स्टूल हवं. लोक वाईट नाहीत. दोन मावशी पंचवीस जणांना पुऱ्या पडत नाहीत, आणि तो दोष मावशींचा नाही. सध्या दादा बहुतेक दिवस कोरडा येतो. पिशवीत एक जादा पँट असतेच, आणि सहलीच्या दिवशी डायपर. तो कधी घालायचा हे त्याला विचारतो. कधी ‘नको’ म्हणतो, कधी आपणहून आणून देतो.

हल्ली मी एक वही लिहायला घेतली आहे. आई पंच्याहत्तरीची, मीही काही तरुण नाही. आमच्यानंतर दादा कुठेही असला तरी तिथल्या माणसाच्या हाती ती पडावी. आई सांगते, मी लिहिते. त्याला लागली की तो डावा कान ओढतो. दार पूर्ण लावलेलं त्याला चालत नाही, फट ठेवावी. धुताना आधी कोमट पाणी पायावर, मग वर. चारचौघांत ‘शू आली का’ असं विचारायचं नाही. ‘दादा, एक फेरी मारून येऊ?’ म्हटलं की तो समजतो. बायकांसमोर कपडे बदलायला आता लाजतो, तेव्हा शक्य तिथे पुरुष माणूस हवा. थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी. खडीसाखर आता नको, वजन वाढलंय.

रात्रीचं पान अजून कोरं आहे. आई दोन वाजता उठून त्याला संडासात नेऊन आणते. झोपेतल्या माणसाला उचलून नेलं तर गादी कोरडी राहते, पण तो त्यातून काही शिकत नाही, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. त्यापेक्षा झोपण्याआधी दोनदा पाठवा आणि रात्रीपुरता पॅड वापरा. आईचं म्हणणं, “मी जिवंत असेपर्यंत तो ओल्यात झोपणार नाही, लिही तसं.” मी विचारते, त्या वहीतलं वाचून रात्री दोनला उठणार कोण? ती म्हणते, “तू लिही तर आधी.”